बाईंच्या पोटातला आवाज

कानरावांचं खरं नाव पगाराच्या पावतीवर छापलेलं असायचं आणि तिथेच राहायचं. स्टुडिओत मालकांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना कानराव म्हणत. हे नाव ठेवलं होतं बाईंनी. बाई म्हणजे पुस्तकं वाचणाऱ्या बाई. त्या स्टुडिओत गाणीबिणी होत नसत. तिथे पुस्तकं मोठ्यानं वाचून टिपली जात, ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आणि ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी. हे दुसरे लोक अलीकडे फार वाढलेत. गाडी चालवता चालवता, भांडी घासता घासता पुस्तक ऐकतात आणि वर चारचौघांत सांगतात की आम्ही वाचलं. असो. त्यांच्यावरच सगळ्यांचं पोट होतं, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

कानरावांचं काम सांगायला सोपं आहे. काचेच्या अलीकडे बसायचं, हेडफोन चढवायचे, काचेपलीकडच्या माणसाचा आवाज टिपायचा आणि मग त्या आवाजातून माणूस काढून टाकायचा. माणूस फार आवाज करतो हो. जीभ टाळूवरून सुटताना टकटकते. खुर्ची कुरकुरते, बाही टेबलाला घासते, लांब वाक्याआधी श्वास ओढला जातो. तांदळातले खडे वेचावेत तसं हे सगळं कानराव वेचत बसत. आणि जिथून वेचलं तिथे नुसती पोकळी सोडून चालत नाही, ऐकणाऱ्याला तिथे खड्डा लागतो. म्हणून खोली रिकामी असताना तिची शांतता आधीच टिपून ठेवायची आणि तिचा तुकडा त्या जागी बसवायचा. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा बारीकसा आवाज असतो, हे कानरावांना लग्नाच्या आधीपासून माहीत होतं.

या सगळ्यांत नाठाळ आवाज एकच, पोटाचा. जीभ सांगितलेलं ऐकते, खुर्ची बदलता येते, पण पोट कुणाच्या बापाचं ऐकत नाही. दोन वाक्यांच्या मध्ये गुरगुरलं तर काढता येतं. ऐन शब्दावर गुरगुरलं तर वाक्य पुन्हा वाचावं लागतं, आणि मालक घड्याळाकडे बघायला लागतात.

बाईंचं पोट तर नामांकित होतं. सकाळी त्या शाळेत शिकवत, संध्याकाळी शिकवण्या घेत, आणि या दोहोंच्या मध्ये जी चारचौघांची जेवायची वेळ, ती त्यांची वाचायची वेळ. घरी एक शाळकरी लेक. नवरा कधीच सोडून गेलेला, त्याबद्दल त्या बोलत नसत आणि कानराव विचारत नसत. धापा टाकत यायच्या, पर्स खुंटीला अडकवायच्या, कोऱ्या चहाचा कप रिकामा करायच्या आणि काचेपलीकडे जाऊन बसायच्या. पहिल्या वाक्यापासून आवाज असा लागायचा की ही बाई आत्ता बसमागे पळत होती हे कुणाला खरं वाटू नये. आणि मग पोट बोलायचं. आधी एक लांब कण्हणं, वर चढत जाणारं, मग दोन छोटे उसासे आणि एकदम गप्प. दुसऱ्या कुणाचंच पोट तसं वाजत नसे. बाई पुस्तकातून मान वर करून म्हणत, "कानराव, ऐकलंत? श्रोत्यांनी दाद दिली." कानराव हसत आणि ती दाद पुसून टाकत.

त्या स्टुडिओत एक समजूत पक्की होती. पोट वाजतं ते खाल्ल्यामुळे. म्हणून वाचायला बसण्याआधी कुणी काही खायचं नाही, हा दंडकच होता. बाई तर म्हणत, "भरल्या पोटी आवाज लोळतो. उपाशी आवाज कसा ताठ चालतो." एवढं करून पोट वाजलंच तर निदान ठरलेलं, काल रात्री जास्त झालं असणार. मग रात्रीचंही कमी. जेवढं कमी खावं तेवढं पोट जोरात वाजे, आणि जेवढं जोरात वाजे तेवढं माणूस आणखी कमी खाई. काय म्हणावं याला! शुद्ध उच्चारांची, शेकडो पुस्तकं कोळून प्यायलेली माणसं ही, आणि पोटात कावळे ओरडताहेत एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात येऊ नये? उपाशी राहून डोकं दुखे, म्हणून बाई गोळी घेत. गोळी घशाखाली उतरायला काहीतरी हवं, म्हणून पुन्हा कोरा चहा. असं वर्षानुवर्षं चाललं. ऐकणारे कळवत की बाईंचा आवाज फार स्वच्छ आहे, आणि ते ऐकून कानरावांना आपलंच कौतुक झाल्यासारखं वाटे.

मग एका दुपारी बाई स्टुडिओच्या जिन्यात बसल्या त्या उठल्याच नाहीत. कानरावांनी त्यांना रिक्षात घातलं. रुग्णालयात पोचेपर्यंत त्यांच्या ओढणीवर रक्ताची उलटी झाली होती. पोटात जखम होती, जुनी, आणि ती फुटली होती. लेक कॉलेजातून तशीच धावत आली. तरुण डॉक्टरांनी दोघांना कोपऱ्यात घेऊन विचारलं, "यांचं दिवसभराचं खाणं काय असायचं?" लेकीनं कानरावांकडे पाहिलं. दुपारची आई तिला ठाऊक नव्हती, ती काकांना ठाऊक होती.

"चहा," कानराव म्हणाले. डॉक्टरांनी गोळ्यांचंही विचारलं आणि म्हणाले, रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांनीच ही जखम झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे बाई गेल्या.

त्यानंतर महिनाभर काही झालं नाही. मग एकदा कानराव एका जाड्या वाचकाचं प्रवासवर्णन साफ करत होते. एक खोकला काढला, त्या जागी शांततेचा तुकडा बसवला, आणि तपासायला मागे जाऊन ऐकलं, तर शांततेत बाईंचं पोट वाजलं. लांब कण्हणं, दोन उसासे, गप्प. अगदी खालच्या पट्टीत, भिंतीपलीकडून यावं तसं. कानरावांनी पुन्हा लावलं. पुन्हा वाजलं. पडद्यावर आवाजाची रेघ असते, कुठे खुट्ट झालं तरी ती थरथरते. ती रेघ जिथल्या तिथे सपाट पडलेली होती. कानाला ऐकू येतंय आणि रेघ हलत नाही, म्हणजे आवाज यंत्रात नाहीच, हे त्या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

त्यांनी रिकाम्या खोलीची शांतता नव्यानं टिपली. तीत तेच. पंखा बंद केला, दिवे बंद केले, मोबाइल बाहेर ठेवला. तेच. आपलंच पोट असेल म्हणून भरपेट जेवून आले, तरी तेच, आणि तेही नेमकं बाईंच्या वाचनाच्या वेळेला. हळूहळू तो आवाज त्यांच्या मागोमाग घरी यायला लागला. फ्रिज बंद पडायच्या क्षणाला, नळात हवा अडकली की, कढईत तेल तापता तापता. जेवायला बसले की घास हातात घेऊन थांबत आणि कान देत. भात गार व्हायचा.

"अहो, कान दाखवा कुणाला तरी," बायको म्हणाली.

"आणि काय सांगू डॉक्टरांना? मेलेल्या बाईची भूक ऐकू येते म्हणून?"

"भूक ना? मग तिला खायला घाला काहीतरी, म्हणजे गप्प बसेल," बायको वैतागून बोलून गेली. बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली.

कानरावांनी दुसऱ्या दिवशी खरंच एक केळं नेऊन वाचनाच्या टेबलावर ठेवलं. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं आणि लाजही वाटत होती. मालकांनी केळं पाहिलं, "खोलीत खाणं?" म्हणून भुवया उंचावल्या आणि ते उचलून स्वतः खाऊन टाकलं.

अशात बाईंची लेक स्टुडिओत आली. शिक्षण संपलेलं, दुकानांच्या एका साखळीच्या तक्रार विभागात दिवसभर फोन घ्यायची नोकरी लागलेली, आणि मधल्या सुट्टीत वाचायला येईन म्हणाली. मालकांनी तिला दोन ओळी वाचायला लावल्या आणि ते खुर्चीत सरळ होऊन बसले. आवाज आईचाच होता, फक्त अजून घासला गेला नव्हता. लगेच एक पुस्तक तिच्या हातात पडलं. विषय काय, तर धावपळीच्या माणसानं काय खावं! नशिबाला थट्टा करायची असली की ते अशी करतं.

पहिल्या दिवशी लेक आली तीच धापा टाकत. खुंटीला पर्स, हातात कागदी कप. काचेपलीकडे बसली आणि वाचू लागली. "कामाच्या गडबडीत जेवणाची वेळ टळली, तरी पोट रिकामं ठेवू नये. दर तीन तासांनी थोडं काहीतरी खावं. एखादं फळ, मूठभर दाणे, उकडलेलं अंडं, काकडीचे काप. बिस्किटांनी भूक मरते, भागत नाही. चहा आणि कॉफी हे खाणं नव्हे." इथे ती थांबली, पान उलटायला. आणि आवाज आला. लांब कण्हणं, वर चढत जाणारं. दोन उसासे. गप्प.

कानरावांनी हेडफोन काढून टेबलावर टाकले. मग पडद्याकडे बघितलं. या खेपेला रेघ हलली होती. चांगली वीतभर उसळली होती.

"काय झालं काका?" ती आतून म्हणाली. "वाक्य पुन्हा घेऊ?"

"काही खाऊन आलीस का?"

"हो."

"काय?"

"कॉफी."

"आत्ता काय वाचलंस तू?"

"ते ऐकणाऱ्यांसाठी आहे, काका," ती हसून म्हणाली. "वाचणाऱ्यांनी उपाशीच बसायचं, आईनं शिकवलंय." आणि पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून तिनं एक गोळी कॉफीच्या उरलेल्या घोटाबरोबर घेतली. पट्टी बाई घेत त्याच गोळ्यांची होती, निळ्या अक्षरांची.

त्या दिवसापासून कानरावांना एकच ध्यास लागला. या पोरीला खायला घालायचं. आई गेली तेव्हा तोंडातून एक शब्द फुटला होता, चहा. लेकीच्या वेळेला तो शब्द पुन्हा उच्चारायची पाळी आली तर आपण जगणार नाही, असं त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं. ते रोज डबा आणू लागले. आधी केळी, मग उकडलेले हरभरे, मग पावात घातलेली काकडी, खुसखुशीत काही नको म्हणजे घशात कण अडकायला नको, एवढा विचार करून. लेक "थँक्यू काका" म्हणायची आणि झाकण लावून ठेवायची. "नंतर खाते." नंतर म्हणजे परत फोनवर जायची वेळ व्हायची. तिच्या गालांची हाडं वर येऊ लागली होती. आवाज मात्र आणखी सुंदर होत होता, आणि मालक म्हणत होते, काय स्वच्छ आवाज आहे.

स्वच्छ कसला! कानरावांचा हात चालत नव्हता म्हणून कामाचा ढीग साचला होता. पोटाचा एकेक आवाज पडद्यावर समोर येई, आणि तो काढायला बोट नेलं की बोट मागे येई. आईचे असे किती आवाज आपण काढले, याचा त्यांना अंदाजसुद्धा करवत नव्हता.

शेवटी एक दिवस त्यांचा तोल गेला. लेकीनं गोळीची पट्टी काढली तशी त्यांनी मधलं दार उघडलं, आत गेले आणि पट्टी तिच्या हातातून ओढून घेतली. आवाज शोषून घेणाऱ्या त्या खोलीत त्यांचा आवाज इवलासा वाटत होता, तरी ते ओरडतच होते.

"अगं, मरशील! तुझी आई ह्यानंच गेली. कळत नाही का तुला? तुझ्या पोटात वाजतं ना, ती भूक आहे भूक! डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं नव्हतंस?"

लेकीनं विचारलं, "तुम्हाला ओळखू येतो ना काका, तो आवाज?"

कानरावांनी मान हलवली.

"लहानपणी मी आईच्या पोटावर कान ठेवून झोपायचे," ती म्हणाली. "ती रात्री शिकवण्या संपवून यायची, आडवी व्हायची, आणि मी तिच्या पोटावर डोकं टेकायचे. तो आवाज यायचा. असाच. मला वाटायचं सगळ्यांच्या आयांच्या पोटात असंच वाजतं. ती गेल्यावर घरात इतकं शांत झालं की मला झोप लागेना. जेवायची इच्छाच नव्हती. तीन-चार दिवसांनी अंथरुणात पडले होते आणि माझ्याच पोटातून ती बोलली. मी अशी घट्ट पोटाला धरून बसले काका. मग मी ब्रेड खाल्ला, तर ती गप्प झाली. खाल्लं की ती जाते. तुम्ही डबा देता, मला कळतं हो, मायेनं देता. पण मी कशी खाऊ?"

कानराव खाली जमिनीवर बसले. भूत त्यांच्याकडे येत होतं ते दारात टकटक करत. या पोरीनं ते अंगात घर देऊन ठेवलं होतं आणि त्याला स्वतःचं आतडं खाऊ घालत होती. तिला दरडावून काय उपयोग? खा म्हणणं म्हणजे आईला घराबाहेर काढ म्हणणं होतं.

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "रविवारी येतेस का इथे? सकाळी. वाचायचं नाही काही."

मालक कधी काही टाकून देत नसत. कंजूषपणाचा असाही एखाद्याला फायदा होतो. जिन्याखालच्या कपाटात प्रत्येक पुस्तकाचं कच्चं ध्वनिमुद्रण पडून होतं, साफ करण्याआधीचं, खोकल्या-शिंकांसकट. त्या आठवड्यात कानराव कामाच्या आधी येऊन बाईंचं एकेक पुस्तक लावू लागले. गोष्टी ते ऐकतच नव्हते. पूर्वी जे टिपून मारायचे, तेच आता टिपून जपत होते. बोट तेच, कान तोच. एका आवाजापाशी बाईंचं हसणं निघालं. एका ठिकाणी "श्रोत्यांनी दाद दिली." एका ठिकाणी नुसताच थकलेला श्वास, आणि मागे जिन्यात कुणाची तरी पावलं. कानराव हेडफोन लावून ढसाढसा रडले. जवळ कुणी नव्हतं हे बरंच झालं. सगळे तुकडे त्यांनी एकापुढे एक जोडले आणि मध्ये त्याच खोलीची शांतता घातली.

रविवारी लेक आली. कानरावांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, टेबलावर बायकोनं दिलेला डबा उघडून ठेवला. उकडलेली अंडी, सफरचंदाच्या फोडी.

"यात तुझी आई आहे," ते म्हणाले. "जेवढी मी पुसली तेवढी सगळी. ही घरी ने, रोज ऐक, अंथरुणात ऐक. ही जात नाही. तू काहीही खाल्लंस तरी जात नाही. पण एक अट आहे. ऐकताना खायचं."

तिनं हेडफोन चढवले. कानरावांनी बटण दाबलं.

त्यांना बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त पडद्यावरची रेघ वर उचलली गेलेली दिसली आणि त्याच क्षणी पोरीला रडू कोसळलं. दोन्ही हातांनी तिनं हेडफोन कानांवर दाबून धरले. आवाज संपला, दुसरा आला, तिसरा आला. अट विसरूनच गेली होती ती. कानरावांनी एक अंडं सोललं, अर्धं केलं, मीठ लावलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं हाताकडे पाहिलं. मग डोळे मिटून चावा घेतला आणि चावता चावता एकदम थांबली. ऐकत राहिली. रेघ पुन्हा उसळली. ती पुढे चावू लागली.

हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसं ती मोठ्यानं म्हणाली, "काका, हा कधीचा आहे?"

कानरावांनी पडद्यावरची तारीख वाचली आणि तिला ऐकू जावं म्हणून तेही मोठ्यानं बोलले. "तू सातवीत असशील तेव्हाचा."

"तेव्हा ती सकाळी मला दोन्ही पोळ्या वाढायची," लेक म्हणाली. "म्हणायची, तू खा, मी स्टुडिओत जेवून येते."

कानरावांनी दुसरं अंडं सोललं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते उचललं, आणि रडत रडत सगळं खाल्लं.